मोटरचा वेग कोण ठरवतं?

एमरीचा दोन इंच रुंद, बहात्तर इंच लांब पट्टा. घरच्या घरी सुऱ्या बनवणारी हौशी मंडळी स्वतः बांधलेल्या बेल्ट ग्राइंडरवर सहसा हाच पट्टा चढवतात. आता मोटरच्या शाफ्टवर १०० मिलिमीटर व्यासाचं चाक लावा आणि मोटरला मिनिटाला २,८८० फेरे घेऊ द्या. चाकाचा परीघ ३१४ मिलिमीटर, म्हणजे पट्टा सेकंदाला १५ मीटर पळतो. ताशी ५४ किलोमीटर, तेही तुमच्या बोटांपासून इंचभर अंतरावर!

पोलाद झरझर खरवडायला हा वेग झकास. पण पाणी दिलेल्या सुरीची पातळ धार याच वेगात पट्ट्याला टेकवली तर? घर्षणातून आलेली उष्णता मुरवून घ्यायला धारेत पुरेसा धातूच नसतो. क्षणार्धात धार २२०-२३० अंशांवर जाते आणि फिकट पिवळी दिसू लागते. ३०० अंशांच्या आसपास ती चक्क निळी होते. हा रंग येतो कुठून? तापलेल्या पोलादावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा चढतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि पापुद्र्याच्या जाडीनुसार रंग बदलत जातो. दिसायला देखणा प्रकार, पण सुरी साधारण २०० अंशांवर टेम्पर केलेली असेल, तर ही निळाई म्हणजे धारेचं पाणी उतरल्याची खूण!

तेव्हा एकाच यंत्राला दोन स्वभाव हवेत. खरवडताना सुसाट, धारेशी आणि लाकडी मुठीशी संथ. मोटर निवडण्याचा सगळा पेच इथून सुरू होतो.

आधी ताकद किती हवी ते पाहू. समजा, तुम्ही पोलाद दाबून धरलंय आणि ते पट्ट्याला ५ किलोच्या जोराने मागे ओढतंय. पट्टा सेकंदाला १५ मीटर धावतोय. गुणाकार करा: पाच गुणिले पंधरा, पंच्याहत्तर. सेकंदाला ७५ किलो वजन एक मीटर उचलण्याची ताकद म्हणजेच मेट्रिक पद्धतीतला एक हॉर्सपॉवर! निव्वळ हाताच्या दाबाने तुम्ही अख्खा एक हॉर्सपॉवर खर्ची घालू शकता. म्हणून दोन इंची पट्ट्याला एक हॉर्सपॉवर किमान समजावा. दोन असले तर मोटर दमत नाही.

मग कोणती मोटर? जुन्या ट्रेडमिलची डीसी मोटर मोह घालते. स्वस्त मिळते आणि तिचा वेगही सहज बदलतो. पण ती थंड राहण्यासाठी बाहेरची हवा आत ओढते आणि तिच्या पोटात कायमचे चुंबक असतात. पोलादाचा कीस उडणाऱ्या खोलीत चुंबक! ड्रिलची मोटर घ्यावी, तर तिच्यावर भार आला की वेग ढासळतो. त्यापेक्षा चहूबाजूंनी बंद असलेली थ्री-फेज इंडक्शन मोटर पाहा. ना ब्रश, ना कायमचे चुंबक. आत फिरणाऱ्या रोटरला बाहेरून एकही तार जोडलेली नसते!

तार नाही, मग तो फिरतो कसा? तीन जणी जात्याभोवती बसल्या आहेत असं समजा. पहिलीचा जोर ओसरतो तेव्हा दुसरीचा चढतो, मग तिसरीचा. जागची कुणीच हलत नाही, पण जोर मात्र गोल फिरत राहतो. तीन फेजची वीज तीन वाइंडिंगांमधून नेमकी अशीच चढते-उतरते आणि एक चुंबकीय क्षेत्र गरगरू लागतं. ते रोटरच्या ॲल्युमिनियमच्या सळ्यांमध्ये वीज जागवतं आणि ती वीज रोटरला क्षेत्रामागे ओढत नेते. फिरत्या क्षेत्राची ही किमया इटलीत गॅलिलेओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी स्वतंत्रपणे साधली. टेस्लाला पेटंट मिळालं १८८८ साली. पुढच्याच वर्षी मिखाईल डोलिवो-डोब्रोवोल्स्की यांनी थ्री-फेज मोटर घडवली आणि आजच्या मोटरींची घडण मुळात तीच आहे.

गंमत म्हणजे रोटरने या क्षेत्राला कधीच गाठायचं नसतं. गाठलं तर दोघांच्या वेगात फरक उरत नाही, सळ्यांमध्ये वीज जागत नाही आणि ओढच संपते. ५० हर्ट्झच्या विजेवर दोन पोलच्या मोटरमधलं क्षेत्र मिनिटाला ३,००० फेरे घेतं आणि भाराखालचा रोटर सुमारे २,८८०. चार पोलची असेल तर १,५०० आणि १,४४०. मागे पडलेल्या त्या थोड्या फेऱ्यांवरच सगळं काम चालतं!

पण हे ५० हर्ट्झ ठरवतं कोण? २०१३ च्या अखेरीस दक्षिणेचं जाळं जोडलं गेलं आणि देशभराचं विजेचं जाळं एका तालावर आलं. कोयनेची आणि चंद्रपूरची जनित्रं त्याच तालात फिरतात आणि तुमच्या घरातली मोटर त्यांच्या पावलावर पाऊल टाकते. तिचा वेग ठरवणारं बटण तुमच्याकडे नाहीच!

पंख्याचा रेग्युलेटर लावला तर? पंखा हळू झाला की हवेचा अडथळाही झपाट्याने घटतो, म्हणून कमी व्होल्टेजवर त्याचं निभतं. ग्राइंडरचा भार तुमच्या हातात असतो, तो आपोआप घटत नाही. मोटर अडखळते, तापते, बंद पडते. शिवाय घरात येते सिंगल फेज. थ्री-फेज मोटर तिच्यावर नुसती गुणगुणत उभी राहील.

मग उपाय एकच: आपली वीज आपणच नव्याने घडवायची. आणि हे काम करणारी पेटी बाजारात मिळते! तिचं नाव व्हीएफडी. आत शिरलेली २३० व्होल्टची वीज ती आधी सरळ करते. कपॅसिटरमध्ये साधारण ३२५ व्होल्ट डीसी साठतो. पुढे सहा इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. स्विच चालू राहण्याचा काळ कमी-जास्त करत ते त्या डीसीमधून तीन नव्या फेज उभ्या करतात. हर्ट्झ किती? तुम्ही म्हणाल तितके!

हे स्विच म्हणजे आयजीबीटी. त्यांचे जनक बी. जयंत बालिगा मद्रासच्या आयआयटीत शिकले आणि १९८० च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकमध्ये मोटरींच्या वेगनियंत्रणाचा प्रश्न सोडवताना त्यांना हा स्विच सुचला. मुंबईच्या लोकलच्या मोटरींनाही आज असेच स्विच पळवतात.

पेटी आणखी एक हुशारी करते. हर्ट्झ निम्मे केले की व्होल्टेजही निम्मं करते, नाहीतर वाइंडिंगमध्ये भलताच प्रवाह घुसेल. त्यामुळे वेग उतरला तरी मोटरची ओढ जवळपास कायम राहते. ५० हर्ट्झच्या वर मात्र व्होल्टेज वाढवायला जागा नसते. तिथे वेग वाढतो, ओढ घटते.

आता दुकानात जाऊन मोटरची पाटी वाचा. ४१५ व्होल्टला स्टार आणि २४० ला डेल्टा असं लिहिलंय? मग घ्या! स्टार आणि डेल्टा म्हणजे तिन्ही वाइंडिंग एकमेकींना जोडण्याच्या दोन पद्धती. स्टारमध्ये दोन वाइंडिंगांवर मिळून ४१५ व्होल्ट येतात आणि तीन फेजच्या हिशेबात एकेकीच्या वाट्याला २४० उरतात. डेल्टात २३०-२४० व्होल्ट थेट एकेकीवर पडतात. म्हणजे वाइंडिंगला फरकच कळत नाही! मोटरवरच्या जोडणीच्या डब्यातल्या पट्ट्या बदलून जोडल्या की कारखान्याची मोटर घरच्या विजेवरच्या पेटीला चालते. त्यासाठी वाइंडिंगांची सहाही टोकं डब्यात आलेली हवीत, हे आधी उघडून पाहा.

थोडी पथ्यं आहेत. मोटर मंद फिरते तेव्हा तिच्या शाफ्टवरचा पंखाही मंदावतो, म्हणून संथ वेगात ती फार वेळ दामटू नका. पोलादाची धूळ वीजवाहक असते, तेव्हा पेटी धूळबंद असू द्या. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये प्राणघातक व्होल्टेज काही मिनिटं टिकून राहतं. तेवढं थांबल्याशिवाय झाकण उघडू नका.

दोन हॉर्सपॉवरची, चार पोलची बंद मोटर, सिंगल फेज घेणारी तेवढ्याच ताकदीची पेटी आणि १५० मिलिमीटरचं चाक घ्या. ५० हर्ट्झवर पट्टा सेकंदाला सुमारे ११ मीटर धावेल. ६५ वर न्या, १५ च्या जवळ पोचेल. १५ वर आणा, तीन-साडेतीन मीटरवर येईल आणि पाणी न उतरता धार घासता येईल. ज्या वेगावर विजेच्या जाळ्याची हुकमत होती, तो आज तुमच्या एका बोटाच्या हालचालीने बदलतो!