समोरच्या संघाला लहान समजू नये



बास्केटबॉल हा चेंडूचा खेळ आहे. आपल्या शाळेत तो खेळत नाहीत, कारण आपल्याकडे त्याचे खांब नाहीत. आपण खो-खो, कबड्डी आणि लंगडी खेळतो. पण गुरुजींनी आम्हाला अमेरिकेतल्या कॉलेजच्या सामन्यांची माहिती सांगितली. ती मी वहीत उतरून घेतली. ती सर्वांच्या उपयोगाची आहे म्हणून इथे लिहीत आहे.

हा खेळ जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकांनी १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड या गावी शोधून काढला. हिवाळ्यात थंडीमुळे मुलांना बाहेर खेळता येईना. म्हणून त्यांनी व्यायामशाळेत वर दोन बाजूंना पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. टोपलीला इंग्रजीत बास्केट म्हणतात, म्हणून खेळाचे नाव बास्केटबॉल पडले. टोपली १० फूट उंच होती. आता टोपली जाऊन लोखंडी कडे व जाळी आली, पण उंची १० फूटच राहिली. एका संघाचे ५ जण मैदानात असतात. कड्यात चेंडू टाकला की २ गुण आणि लांबच्या रेघेच्या बाहेरून टाकला की ३ गुण मिळतात. कॉलेजचा सामना ४० मिनिटे चालतो.

तिकडे दरवर्षी मार्च महिन्यात कॉलेजांची मोठी स्पर्धा भरते. मुलांच्या स्पर्धेत २०११ सालापासून ६८ संघ घेऊ लागले. त्यांचे चार गट पाडतात आणि प्रत्येक गटात संघांना १ ते १६ नंबर देतात. १ नंबर म्हणजे सर्वांत भारी. १६ नंबर म्हणजे सर्वांत कच्चा समजलेला. पहिल्या फेरीत १ नंबरची गाठ १६ नंबरशी पडते. इथे एक नियम फार कडक आहे. जो हरला तो लगेच घरी. दुसरी संधी नाही.

१९८५ सालापासून मुलांच्या स्पर्धेत १ नंबरचे संघ १६ नंबरच्या संघांना हरवतच आले होते. असे सलग १३५ सामने झाले. सगळे म्हणायचे, १६ नंबरवाला कधी जिंकायचाच नाही. पण १६ मार्च २०१८ रोजी नवलच घडले.

त्या दिवशी व्हर्जिनिया विद्यापीठाचा सामना यूएमबीसी नावाच्या विद्यापीठाशी होता. व्हर्जिनियाने त्या वर्षी ३१ सामने जिंकले होते आणि फक्त २ हरले होते. समोरच्याला गुण करू न देण्यात त्यांचा हात कोणी धरत नव्हता. यूएमबीसी हे विद्यापीठ बास्केटबॉलपेक्षा बुद्धिबळासाठी जास्त नावाजलेले. त्याच वर्षी जानेवारीत ते एका सामन्यात ४४ गुणांनी हरले होते. मध्यंतराला दोन्ही संघांचे २१-२१ गुण झाले. मग यूएमबीसीची पोरे अशी काही सुटली की नुसत्या दुसऱ्या डावात त्यांनी ५३ गुण केले. शेवटी यूएमबीसी ७४, व्हर्जिनिया ५४! म्हणजे थोडक्यात नाही, चांगले २० गुणांनी हरवले.

लोकांना वाटले, असे पुन्हा काही व्हायचे नाही. पण पाचच वर्षांनी, १७ मार्च २०२३ रोजी, तसेच झाले. पर्ड्यू विद्यापीठात झॅक ईडी नावाचा खेळाडू होता. त्याची उंची ७ फूट ४ इंच. आपल्या वर्गात यायचे तर त्याला दारातून वाकूनच यावे लागेल. समोर फेअरली डिकिन्सन विद्यापीठाचा संघ होता. त्या वर्षी पहिल्या दर्जाच्या साडेतीनशेच्या वर संघांत हा सर्वांत बुटका संघ होता. आदल्या वर्षी त्यांना फक्त ४ सामने जिंकता आले होते. तरी त्यांनी पर्ड्यूला ६३-५८ असे हरवले. मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात ना, तसे.

मुलींनी तर हे मुलांच्या २० वर्षे आधी करून दाखवले. १९९८ साली हार्वर्डच्या १६ नंबरच्या मुलींनी १ नंबरच्या स्टॅनफर्डला ७१-६७ असे हरवले, आणि तेही स्टॅनफर्डच्याच मैदानावर. स्टॅनफर्डच्या दोन चांगल्या खेळाडू जखमी होत्या. हार्वर्डच्या ॲलिसन फीस्टरने एकटीने ३५ गुण केले.

आता मोठा संघ हरतो कसा, ते पाहू. याची कारणे अशी आहेत.

पहिले कारण, सामना एकच असतो. दहा सामने खेळले तर बहुधा भारी संघच जास्त जिंकेल. पण त्या दिवशीची ४० मिनिटे ज्याची, तो जिंकला.

दुसरे कारण, ३ गुणांचा नेम. लांबून टाकलेला चेंडू एखाद्या दिवशी सारखा कड्यात पडतो, एखाद्या दिवशी पडतच नाही. यूएमबीसीने लांबून २४ वेळा चेंडू टाकला, त्यातले १२ पडले. व्हर्जिनियाने २२ वेळा टाकला, पडले फक्त ४. हिशेब करून पाहा. एकाचे ३६ गुण झाले आणि दुसऱ्याचे १२. पर्ड्यूचेही तसेच झाले. त्यांनी २६ वेळा टाकला आणि ५ पडले.

तिसरे कारण, बुटक्याचाही एक फायदा असतो. उंच गड्याचा हात वर लवकर पोचतो. पण लहान गडी चपळ असतो आणि चेंडू आपटत नेणाऱ्याच्या हातून पटकन चेंडू पळवतो. ईडीपर्यंत चेंडू पोचूच दिला नाही, तर त्याच्या उंचीचा काय उपयोग?

चौथे कारण, मनावरचे ओझे. लहान संघ हरला तरी त्याला कोणी नावे ठेवत नाही, म्हणून तो मोकळा खेळतो. मोठा संघ मागे पडू लागला की घाबरतो, घाई करतो. घाईत नेम चुकतो.

पाचवे कारण, गाफीलपणा. समोरचा कच्चा आहे म्हटले की सराव कमी होतो. तो कोणत्या हाताने खेळतो, कुठून चेंडू टाकतो, हे कोणी नीट बघत नाही. आपला डाव मात्र त्याने बघून ठेवलेला असतो, कारण मोठ्या संघाकडे सगळ्यांचेच लक्ष असते.

आता तुम्ही विचाराल, व्हर्जिनियाचे पुढे काय झाले? त्यांना सगळीकडे लोक हसले. पण ते रुसून बसले नाहीत. पुढच्या वर्षी, २०१९ साली, ते पुन्हा १ नंबर म्हणून आले. पहिलाच सामना पुन्हा १६ नंबरशी, गार्डनर-वेब या संघाशी. मध्यंतराला ते ३०-३६ असे मागे होते. लोक म्हणाले असतील, आता पुन्हा गेले! पण या वेळी ते घाबरले नाहीत. त्यांनी सामना ७१-५६ असा जिंकला. मग एकेक सामना जिंकत ते अंतिम सामन्याला पोचले आणि जादा वेळेत टेक्सस टेकला ८५-७७ असे हरवून विजेते झाले. पहिल्याच दिवशी त्यांनी धीर सोडला असता, तर अंतिम सामना आलाच नसता.

कॉलेजच्या संघात मुले दरवर्षी बदलतात. जी शेवटच्या वर्षाला असतात त्यांच्यातल्या पुष्कळांचा हरलेला सामना हाच कॉलेजातला शेवटचा ठरतो. म्हणून एकाने केलेला गाफीलपणा सगळ्यांना भोवतो. समोरच्याला मान देणे म्हणजे त्याला भिणे नव्हे. मान देणे म्हणजे त्याच्यासाठीही तेवढाच सराव करणे.

आपल्यालाही हे लागू आहे. केंद्राच्या खेळांत आपली खो-खोची गाठ वस्तीवरच्या शाळेशी आहे. त्यांची पटसंख्या कमी, म्हणून आपल्यातले काही जण आत्ताच म्हणतात, "त्यांना काय, आपण सहज लोळवू." पण त्या शाळेतली पोरे रोज ओढा ओलांडून, चढ चढून शाळेत येतात. त्यांचे पाय आपल्यापेक्षा काटक असतील. खो-खोतही मैदानात त्यांचे नऊ आणि आपले नऊच असणार. तेव्हा पटसंख्या मोजत बसण्यापेक्षा उद्यापासून मधल्या सुट्टीत सराव करू या. जिंकलो तर आनंदच आहे. हरलो तरी, पुरता खेळ करून हरलो असे घरी मान वर करून सांगता येईल.

गर्वाचे घर खाली, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे.

इयत्ता चौथी