तेलाच्या गिरणींतील पेंड आणि गाईचें दूध

कापसांतून रुई निघाली कीं सरकी उरते. सरकींतून तेल निघालें कीं पेंड उरते. भुईमुगाच्या दाण्यांचेंही तसेंच. गिरणीवाल्याच्या दृष्टीनें जो केवळ चोथा, तोच शेतकऱ्याच्या दुभत्या जनावरांचा सकस आहार होय. मनुष्यास जें खातां येत नाहीं, तें गाय खाते व त्याचें दूध करून मनुष्यासच परत देते; सृष्टीची ही केवढी काटकसर!

पेंडीचें महत्त्व तींतील प्रथिनांत आहे. कडब्यानें जनावराचें पोट भरतें, परंतु त्यांत प्रथिनें फार थोडीं असतात. टरफलें काढून दाबलेल्या भुईमुगाच्या पेंडींत मात्र तीं सुमारें शेंकडा ४० असतात. म्हणून कडब्याच्या जोडीस रोज थोडी पेंड मिळाली, तरी दुधांत फरक पडतो.

तथापि प्रत्येक पेंड प्रत्येक जनावरास मानवतेच असें नाहीं. सरकींत गॉसिपॉल नांवाचें विषारी द्रव्य असतें. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटास चार कप्पे असतात. पैकीं पहिल्या मोठ्या कप्प्यांत हें द्रव्य प्रथिनांशीं बांधलें जाऊन बरेंचसें निरुपद्रवी होतें. यामुळें प्रौढ गाईस सरकीची पेंड बेताची दिल्यास बाधत नाहीं. लहान वासराचा तो कप्पा पुरता वाढलेला नसतो, आणि डुकरांना व कोंबड्यांना तो नसतोच. म्हणून त्यांस ती अपायकारक होते.

याहून मोठा धोका ओलाव्याचा. १९६० सालीं इंग्लंडांत टर्की जातीचे एक लाखाहून अधिक पक्षी पटापट मेले. शोध करितां दोष त्यांच्या खाद्यांतील, ब्राझीलहून आणलेल्या भुईमुगाच्या पेंडीकडे गेला. तीवर वाढलेल्या बुरशीनें अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष निर्माण केलें होतें. गाईनें अशी पेंड खाल्ल्यास या विषाचा अंश दुधांत उतरतो, आणि दूध उकळल्यानें तो नाहींसा होत नाहीं.

याकरितां पेंडीचीं पोतीं जमिनीवर न ठेवितां फळ्यांवर, भिंतीपासून दूर व कोरड्या जागीं रचावीं. बुरशी झटकून पेंड गुरांपुढें टाकण्याची रीत घातक आहे, कारण वरची बुरशी गेली तरी विष आंत राहतें. बुरसटलेलें पोतें फेंकून देतांना जीव हळहळेल. परंतु त्या दुधाचा पहिला पेला बहुधा घरांतील लहान मुलाच्याच हातीं जातो, हें विसरूं नये.