पट, हजर, गैरहजर

दुपारचे सव्वाबारा वाजलेत. शनिवार पेठेतल्या या मुलांच्या शाळेचं फाटक अर्धंच उघडं आहे. त्या अर्ध्या फाटकातून सकाळची शाळा, म्हणजे आठवी ते दहावी, बाहेर पडतेय आणि पाचवी ते सातवीची दुपारची शाळा आत शिरतेय. बाहेर येणाऱ्यांना मिसरूड फुटलंय, शर्ट पँटीतून सुटलेत, दप्तर एकाच खांद्यावर लोंबतंय. आत जाणाऱ्यांच्या खाकी हाफ पँटी गुडघ्याच्या चार बोटं खाली आहेत, कारण त्या दोन वर्षं पुरायच्या आहेत. दोन्ही लोंढे फाटकात अडकतात. शिपाईमामा मध्ये उभे राहून काठी न उचलता ओरडतात, "मोठ्यांनो, थांबा की दोन मिनिटं! बारकी आत जाऊ द्या!" मोठे थांबत नाहीत, पण खांदे तिरके करतात. तेवढ्या फटीतून माझा भाचा ईशान आत घुसतो.

२०२५चा १५ जून रविवारी आला म्हणून शाळा आज, सोमवारी १६ तारखेला उघडतेय. विदर्भातली मुलं अजून घरीच आहेत. तिकडे ऊन उतरायला वेळ लागतो, त्यांची शाळा पुढच्या सोमवारी, २३ तारखेला. इथे मात्र भुरभुर पाऊस आहे आणि फाटकाबाहेर छत्र्यांच्या काड्या एकमेकींत गुंतल्यात. ईशानची आई दवाखान्यात ड्युटीवर, दादा फिरतीवर, म्हणून मी, त्याची आत्या, आज पालक आहे.

मामांच्या स्टुलावर सकाळचं वर्तमानपत्र उलगडून पडलंय. पहिल्या पानावर कुंडमळ्याचा पूल आहे. काल दुपारी इंद्रायणीवरचा तो जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसकट कोसळला. फाटकाशी उभे असलेले बाप त्याबद्दलच बोलतायत. कुणाचा मेहुणा तासभर आधीच तिथून परतला होता, कुणी गेल्या पावसाळ्यात त्याच पुलावर फोटो काढला होता. मग विषय हिंदीवर घसरतो. एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची केली, मग 'सक्तीची' हा शब्द काढतो म्हणाले, आता नेमकं काय, हे कुणालाच सांगता येत नाही. "आपल्याला काय," एकजण छत्री मिटत म्हणतात, "आपली पोरं पाचवीत. पाचवीला हिंदी आपल्यालाही होती की."

आत कार्यालयाच्या खिडकीशी रांग आहे, आणि त्या एकाच रांगेत शाळेत येणारे आणि शाळेतून जाणारे असे दोन्ही उभे आहेत. दहावीचा निकाल यंदा १३ मेलाच लागला. अकरावीचे प्रवेश या वर्षी राज्यभर ऑनलाइन झालेत, त्यामुळे पास झालेली मुलं शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आलीत. गणवेश नाही, रंगीत टी-शर्ट, केसांना जेल. ज्या खिडकीसमोर सहा वर्षं आवाज खाली ठेवून बोलले, तिच्या कट्ट्यावर आज त्यांनी कोपरं टेकलीत. क्लार्क बाई चष्म्यावरून बघत विचारतात, "किती पडले रे?" "अठ्ठ्याहत्तर." "बरे आहेत. राज्यात मुली शहाण्णव टक्के पास आणि तुम्ही ब्याण्णव. आता तरी अभ्यास करा." तो हसतो, सही करतो, दाखला घडी न घालता प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवतो आणि जाता जाता माझ्या मागच्या पाचवीतल्या मुलाच्या डोक्यावर टपली मारतो. ओळख ना पाळख. मुलगा डोकं चोळतो, पण चेहऱ्यावर मान मिळाल्यासारखा भाव आहे.

माझा नंबर येतो. प्राथमिक शाळेचा दाखला, आधारची झेरॉक्स, दोन फोटो. जनरल रजिस्टर उघडलं जातं. ते दोन हातांनी उचलावं लागतं. बाई निळ्या शाईनं नोंद करतात आणि मग तीच नोंद संगणकात भरायला घेतात. आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव एका वेलांटीनं जुळत नाही. "हे दुरुस्त करून आणा हो, पुढच्या आठवड्यात चालेल. पण आणा. आधार जुळलं नाही तर मुलगा वर्गात बसतो आणि पटावर दिसत नाही."

हे वाक्य आज मी पुन्हा पुन्हा ऐकणार आहे, वेगवेगळ्या तोंडून. जिन्याजवळ दोन शिक्षक हलक्या आवाजात बोलतायत. सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक, पाचवीपर्यंत तिसांमागे एक, ३० सप्टेंबरचा पट, संचमान्यता म्हणजे त्या पटावरून मंजूर होणारी शिक्षकपदं, अतिरिक्त ठरलं तर समायोजन कुठल्या तालुक्यात. १५ मार्च २०२४च्या शासन निर्णयावर त्यांचा राग अजून ताजा आहे: वीसच्या खाली मुलं गेली की शिक्षकाचं पदच धोक्यात. "मे महिनाभर जनता वसाहतीत फिरलो," एक सर म्हणतात, "दारोदार. पाच मुलं आणली. त्यातली तीन आज दिसली." या पेठांत एके काळी शाळेला मुलं शोधावी लागत नसत. न्यू इंग्लिश स्कूल १८८०ची, नूतन मराठी विद्यालय १८८३चं, मुलींचा हुजूरपागा १८८४चा, सगळं पायी फिरता येईल एवढ्या टापूत. आता वाड्यांच्या जागी इमारती झाल्या, कुटुंबं कोथरूडला, धायरीला गेली आणि उरलेल्यांतली पुष्कळ मुलं इंग्रजी माध्यमात. इथे येतात ती दांडेकर पुलाकडून, वारज्याहून, पीएमपीचा पास गळ्यात अडकवून. वरच्या मजल्यावर एका दारावर '५ वी क' ही पाटी अजून आहे. आत मोडके बाक, जुने नकाशे आणि गणेशोत्सवातले दोन ढोल ठेवलेत.

घंटा होते. पटांगण ओलं म्हणून प्रार्थना व्हरांड्यात. पीटीचे सर शिट्टी न वाजवता नुसती तोंडात धरतात आणि तेवढ्यानं सातवीची रांग सरळ होते. पाचवीची होत नाही. त्यांना उंचीनं लावायचं काम सुरू आहे: पाठीला पाठ, डोक्यावर सरांचा तळहात, "तू मागे, तू पुढे." दोन महिने मामाच्या गावाला काढून आलेली मुलं टाचा उंचावतात. सर बुटानं टाच दाबतात, हळूच. मग केस. ज्यांच्या कानावर पट्टे कोरलेत, त्यांची नावं सर चिठ्ठीवर लिहीत नाहीत, नुसतं बोट दाखवतात: "उद्या कटिंग." राष्ट्रगीत होतं, मग राज्यगीत. २०२३ पासून तेही रोज असतं आणि पोरं राष्ट्रगीतापेक्षा ते मोठ्यानं म्हणतात, शेवटी शेवटी तर नुसतं ओरडतातच. प्रतिज्ञेला हात पुढे होतात. पाचवीतल्या एकाचा डावा हात पुढे आहे. शेजारचा तो खाली ओढून उजवा वर करतो. न बोलता, न बघता.

मुख्याध्यापक भाषण लिहून आणलेला कागद खिशातच ठेवतात. "काल काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं. मला एवढंच सांगायचंय. पावसाळा आहे. धरणावर, नदीवर, धबधब्यावर घरच्यांशिवाय कुणी जायचं नाही. मित्र म्हणाला चल, तर त्याला माझं नाव सांगा." व्हरांडा गप्प होतो. मग मागून कुणीतरी विचारतं, "सर, पोहायला?" आणि हशा पिकतो. सरही हसतात. "तलावावर जा. तिकीट काढून."

वर्ग. ५ वी अ. पाचवीच्या पालकांना आज बाहेरच्या बाकावर बसायला परवानगी आहे आणि खिडक्यांना गज असले तरी दारं नाहीत, त्यामुळे मला सगळं दिसतं. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात बाई चौकट आखतात: पट ३८, हजर ३१, गैरहजर ७. सातावर त्यांचा खडू क्षणभर थांबतो. मग त्या हजेरी घेतात. चार वर्षं ही मुलं मुलींबरोबर, बालवाडीपासूनच्या बाईंजवळ बसली आणि त्यांना पहिल्या नावानं हाक ऐकायची सवय. इथे हजेरीत आडनाव आधी. "साळुंखे ईशान." ईशान इकडेतिकडे बघतो, मग उशिरा उठतो. "हजर." पुढच्या बाकावरचा मागे वळून ओठांतल्या ओठांत ते आडनाव दोनदा म्हणून बघतो. हजेरी संपेपर्यंत वर्गात कांबळे आहे, दोन शिंदे आहेत, एक शेख आहे, एक पवार आहे. दोन शिंदेंची अडचण मुलं बाईंच्या आधी सोडवतात: चष्मेवाला आणि बिनचष्म्याचा. चष्मेवाल्याला हे मान्य आहे.

बाक निवडायचं काम त्याहून गंभीर. बाई म्हणतात, आज कुठेही बसा, उद्या मी बसवीन. उद्या काहीही होवो, आज जो ज्याच्या शेजारी बसला तो त्याचा. खिडकीजवळचा बाक शेख पटकावतो. बाकांवर कर्कटकानं कोरलेली जुन्या मुलांची नावं आहेत. ती सगळी आडनावंच. त्यांतून बोट फिरवत मुलं आपलं शोधतात. ईशानला साळुंखे सापडत नाही. शेजारची जागा अजून रिकामी, तिथे त्यानं दप्तर ठेवलंय.

पुस्तकं येतात. आठवीपर्यंत ती फुकट आणि दोन मामा ती सुतळी बांधलेल्या गठ्ठ्यांनी वर आणतात. सुतळी कापली की नव्या कागदाचा वास दारापर्यंत येतो. बालभारती, गणित, इंग्रजी, हिंदी, परिसर अभ्यास भाग एक आणि भाग दोन. बाई सांगतात, "मागची दोन वर्षं पुस्तकातच कोरी पानं होती, लिहायला. यंदा ती नाहीत. म्हणजे काय आणायचं?" एकच आवाज: "वह्या!" बाहेरच्या बाकावर पालकांचे हात पाकिटाकडे जातात. परिसर अभ्यासाचं पुस्तक मिळताच अर्धा वर्ग नकाशे शोधतो आणि उरलेला अर्धा शेवटचं पान आधी वाचतो. कांबळे पुस्तकाची किंमत बघून शेजाऱ्याला सांगतो, "फुकटात मिळालं."

पहिला तास संपता संपता जिन्यात चपलांचा आवाज येतो. एक माणूस, सिमेंटनं पांढरटलेली पँट, हाताला धरलेला मुलगा. मुलाचा शर्ट पांढरा आहे पण गणवेशाचा नाही, पायात स्लीपर. सोबत मुख्याध्यापक स्वतः चालत आलेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. माणूस जालना जिल्ह्यातला. इथे वारज्याला बांधकामावर वॉचमन म्हणून आठवड्यापूर्वी आलाय. मुलगा गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी पास. दाखला? गावाकडे राहिला. तो पुन्हा पुन्हा सांगतो, "आणतो साहेब, वारी झाली की जाऊन आणतो." सर मान हलवतात. "दाखला मागून येऊ द्या. कायद्यानं त्यासाठी आम्हाला मुलगा परत पाठवता येत नाही. आणि पाठवणारही नाही." एवढं बोलून ते बाईंकडे बघतात. बाई आधीच फळ्याकडे वळल्यात. मग थांबतात. नाव रजिस्टरला लागेपर्यंत पट वाढवता येणार नाही, हे त्यांच्या लक्षात येतं. खडू परत ठेवतात.

मुलगा दारात उभा. वर्ग त्याच्याकडे बघतो. मगाशी पीटीच्या सरांनी मापलं तसंच ही तीसेक डोकी त्याला मापतायत: उंची, स्लीपर, केस, हातातली कापडी पिशवी. कुणी हसेल असं मला वाटतं आणि एकजण हसतोही, बारीकसा. ईशान बाकावरचं दप्तर उचलून खाली ठेवतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही. मुलगा जाऊन बसतो. बिनचष्म्याचा शिंदे मागून पुढे झुकतो आणि जगातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारतो, "बॉलिंग का बॅटिंग?" उत्तर मला ऐकू येत नाही, पण तीन बाक एकदम वळतात. बहुधा बॉलिंग असावं.

मधल्या सुट्टीत खिचडी. पिंप आलंय, मावशी पळीनं वाढतायत आणि रांगेत घरून डबा आणलेलेही आहेत, कारण पहिल्या दिवसाची खिचडी कशी आहे ते बघायचंच असतं. पटांगणाच्या ओल्या कोपऱ्यात सातवीची मुलं पट्टी आणि कागदाच्या बोळ्यानं क्रिकेट सुरू करतात. पाचवीला खेळायला घेत नाहीत. पाचवी पाच मिनिटं बघत उभी राहते आणि मग दुसऱ्या कोपऱ्यात स्वतःचं सुरू करते. बॉलर नवा मुलगा आहे. स्लीपर त्यानं भिंतीशी काढून ठेवलेत.

सुटायच्या आधी बाई सूचना देतात. पुस्तकांना खाकी कव्हरं घालून आणायची. लेबलवर नाव, इयत्ता, तुकडी. शुक्रवारी दोन्ही पालख्या पुण्यात येतायत, वारकरी शाळेत उतरणार, तेव्हा गुरुवारी जाताना सगळ्यांनी मिळून बाक भिंतीला लावायचे. "म्हणजे बाई, शुक्रवारी सुट्टी?" टाळ्या. वर्ष सुरू होऊन तीन तास झालेत आणि पहिली सुट्टी मिळालीय. शिक्षकांचा पट ३० सप्टेंबरला नक्की होईल, त्यासाठी त्यांना अजून साडेतीन महिने दारं ठोठावायचीत. मुलांचा मात्र आजच, खिचडीच्या रांगेत नक्की झालाय.

साडेतीनला फाटक पूर्ण उघडतं. मी ईशानला घेऊन अप्पा बळवंत चौकाकडे वळते. कव्हरं, लेबलं आणि सहा वह्या घ्यायच्यात आणि अर्ध्या पुण्याला आजच तेच घ्यायचंय.

"तुझ्या शेजारी बसला तो मुलगा," मी छत्री त्याच्यावर धरत विचारते, "नाव काय रे त्याचं?"

"जाधव."

"ते आडनाव झालं. त्याचं स्वतःचं नाव?"

तो माझ्याकडे असा बघतो की मी फारच लवकर विचारलंय. "उद्या हजेरीला कळेल ना," म्हणतो आणि छत्रीतून बाहेर पडून पुढे धावतो. चौकातल्या रांगेत आधी नंबर लावायला हवा.