आधी जिना मोकळा करा

6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे मुंबईत गोरेगावच्या जय भवानी इमारतीत तळमजल्यावर आग लागली. खाली गाड्या आणि कापडाच्या चिंध्या पेटल्या, वरच्या मजल्यांवर झोपलेल्यांना गाठलं ते धुराने; किमान 7 जीव गेले. आग म्हटलं की आपल्याला ज्वाळा दिसतात, पण घरातल्या आगीत माणसं बहुधा भाजण्याआधी गुदमरतात. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. नाकाला ओला रुमाल लावून काजळी थोडीफार अडेल, हा वायू अडत नाही. आणि धूर वर चढतो तो जिन्यातून, विजेच्या डक्टमधून. म्हणून बंब किती वेळात आला याइतकंच महत्त्व आपला जिना कसा आहे याला आहे.

यावर उत्तर ठरलेलं: मग अग्निशमन दल कशाला पोसायचं? पण शिडीच्या गाडीला उभं राहायला जागा लागते, आणि तिथे आपल्याच मोटारी दोन रांगांत लावलेल्या असतात. शिवाय महाराष्ट्रातला 2006 चा अग्निसुरक्षेचा कायदा इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकावर आणि तिथे राहणाऱ्यांवर टाकतो. 2018 साली परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये 4 जण दगावले, तेव्हा इमारतीतली यंत्रणा बंदच असल्याचं उघड झालं. नळ होते, पाइप होते, पण कामाला आलं नाही काहीच.

खर्चाची तक्रार समजू शकते. मेंटेनन्स वाढला की सभेत आवाज चढतातच. पण पॅसेजमधलं चपलांचं कपाट, जुनी गादी, सायकल हलवायला पैसे पडत नाहीत. जागा नाही म्हणावं, तर ती अडचण घरातली. तिचा भार शेजाऱ्याच्या वाटेवर का? चोरांच्या भीतीने लावलेल्या खिडकीच्या ग्रीलचं मात्र मला पटतं. ती काढू नका. तिला आतून उघडणारी झडप करा, आणि तिची किल्ली कुठे आहे ते घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना ठाऊक असू द्या. आग लागलीच तर बाहेर पडताना दार ओढून घ्या, लिफ्टला हात लावू नका, 101 फिरवा. जिन्यात धूर दाटला असेल तर मात्र घरातच थांबा, दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबा आणि खिडकीतून हाक द्या.

आज जिन्यातल्या आग विझवायच्या लाल सिलिंडरचा काटा पाहा. तो हिरव्या पट्ट्यात नसेल तर सेक्रेटरींना गाठा. यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. शेवटचा कधी दिला, तेही विचारा.