१२८ किलोबाइटांचा किल्ला

पिंपळावरचा मुंजा, पाणवठ्यावरचा गिऱ्हा, ओसाड विहिरीतली हडळ यांच्या गोष्टी आपण सर्वांनी ऐकलेल्या असतात. युरोपातील गोष्टींमधली भुते बहुधा पडक्या किल्ल्यांत राहतात. उंच मनोरे, टोकदार कमानी, अंधारे जिने आणि वटवाघळे हा त्यांचा नेहमीचा सरंजाम. अशा कथांना ‘गॉथिक’ भयकथा म्हणतात. ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची १८९७ सालची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी त्यांपैकी अतिशय गाजलेली.

या रक्तपिपासू सरदाराला जपानच्या कोनामी कंपनीने २६ सप्टेंबर १९८६ रोजी व्हिडिओ गेममध्ये आणले. जपानबाहेर हा खेळ ‘कॅसलव्हेनिया’ या नावाने ओळखला जातो. सायमन बेलमाँट नावाचा वीर हातात चाबूक घेऊन किल्ल्यात शिरतो आणि एकेक भाग पार करत ड्रॅक्युलापर्यंत पोहोचतो, एवढीच त्याची कथा. पण या खेळापासून एक मोठी मालिका सुरू झाली.

बेटेगावच्या मुलांना किल्ला काही नवा नाही. तारापूर, शिरगाव, माहीम, केळवे असे कितीतरी किल्ले जवळच्या किनाऱ्यावर आहेत. ते दगडावर दगड रचून उभे राहिले. ड्रॅक्युलाचा किल्ला मात्र बाइटांचा आहे, आणि बांधणाऱ्यांजवळ बाइट फारच थोडे होते. किती थोडे, ते आपण हिशेब करून पाहू.

आठ चित्रांत संपणारी जागा

निन्टेन्डो कंपनीच्या ज्या यंत्रावर हा खेळ चाले, त्याचे चित्र आडवे २५६ आणि उभे २४० ठिपक्यांचे असे. म्हणजे एकूण ६१,४४० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला चार रंगांपैकी एक द्यायचा, तर २ बिट लागतात. ८ बिटांचा १ बाइट होतो, म्हणून एका चित्राला १५,३६० बाइट लागतील. १९८७ साली अमेरिकेत निघालेल्या या खेळाच्या कॅसेटमध्ये १२८ किलोबाइट, म्हणजे १,३१,०७२ बाइट होते. भागाकार केला तर उत्तर येते साडेआठ! आठ चित्रे साठवली की कॅसेट जवळजवळ भरली. मग भुते, संगीत आणि खेळ चालवणाऱ्या सूचना कोठे ठेवायच्या?

यावरचा उपाय कौलारू घर बांधणाऱ्याला सहज समजेल. प्रत्येक कौल वेगळे घडवत नाहीत. साचा एकच असतो, कौले हजारो निघतात. या यंत्रातही चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे छोटे तुकडे पाडलेले असत. त्यांना आपण फरश्या म्हणू. एका फरशीला १६ बाइट लागतात. २५६ फरश्यांना ४,०९६. पडद्यावर ३२ × ३० म्हणजे ९६० घरे. प्रत्येक घरात कितव्या क्रमांकाची फरशी बसवायची, एवढेच सांगायला एक बाइट पुरतो. रंगांच्या माहितीचे ६४ बाइट मिळवले, की भरतात १,०२४. फरश्या एकदा घडवल्या की पुढचे प्रत्येक दालन साध्या चित्राच्या पंधराव्या हिश्श्यात उभे राहते.

हलणारी पात्रे वेगळ्या तुकड्यांची बनत. असे ६४ तुकडे एका वेळी दाखवता येत. पण एका आडव्या ओळीवर आठच. नववा तुकडा दिसतच नसे. म्हणून गर्दी झाली की तुकडे आळीपाळीने दाखवत आणि भुते लुकलुकत. ही भुताटकी यंत्राच्या मर्यादेची होती.

उडी आणि चाबूक

सायमनने एकदा उडी मारली की तिची दिशा हवेत बदलता येत नाही. अनेक खेळाडूंना याचा राग येई. पण लांब उडी मारताना तुम्हाला तरी काय करता येते? पाय जमिनीवरून सुटल्यावर हातपाय हलवता येतात. पण शरीराच्या गुरुत्वमध्याचा मार्ग आधीच ठरलेला असतो. या बाबतीत सायमन निसर्गनियमांच्या बराच जवळ आहे. त्याच्या चाबकालाही फटका मारण्यापूर्वी क्षणभर वेळ लागतो. त्यामुळे खेळणाऱ्याला आधी विचार करून मगच बटण दाबावे लागते. या खेळातील धास्ती बरीचशी येथूनच येते.

संगीतालाही अशीच मर्यादा होती. यंत्रात ध्वनीच्या पाचच वाहिन्या होत्या, आणि चाबकाचा आवाजसुद्धा त्यांतूनच काढायचा असे. तेवढ्यात अजूनही ऐकल्या जाणाऱ्या धून रचणाऱ्यांत किनुयो यामाशिता ही तरुणी प्रमुख होती. तिने इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले होते. १९८९ च्या तिसऱ्या खेळाच्या जपानी कॅसेटमध्ये तर कोनामीने एक खास चिप बसवून आणखी तीन वाहिन्या मिळवल्या. अमेरिकेतील यंत्राची रचना निराळी होती, त्यामुळे तिकडच्या मुलांना हे भरदार संगीत ऐकायला मिळाले नाही.

जागा वाढली तेव्हा

१९९३ साली मालिका सीडीवर आली. सीडीत सुमारे ६५० मेगाबाइट मावतात, म्हणजे जुन्या कॅसेटच्या पाच हजार पट! पुढे १९९७ साली ‘सिम्फनी ऑफ द नाइट’ हा खेळ निघाला. तेव्हा त्रिमितीय खेळांची लाट होती, पण हा खेळ सपाट चित्रांचाच राहिला. त्याचा नायक अ‍ॅलुकार्ड हा ड्रॅक्युलाचा मुलगा. ड्रॅक्युला हे नाव रोमन लिपीत उलट लिहिले की त्याचे नाव तयार होते. या खेळात सरळ रेषेत पुढे जायचे नसते. बंद वाट सोडून द्यायची, नवी शक्ती मिळाली की परत यायचे आणि हळूहळू किल्ल्याचा नकाशा पुरा करायचा. १९८६ च्याच ‘मेट्रॉइड’ या खेळाचे नाव जोडून अशा खेळांना आज ‘मेट्रॉइडव्हेनिया’ म्हणतात.

संपला असे वाटते तेव्हा हा किल्ला उलटा होतो! छत जमीन बनते, जिने डोक्यावर जातात, आणि तीच दालने अनोळखी वाटू लागतात. जागा मुबलक असूनही एकाच बांधकामाचा असा दुहेरी उपयोग करण्याची जुनी हातोटी कोनामीच्या लोकांनी सोडली नव्हती.

१९९९ साली मालिका त्रिमितीत आली, २०१० साली स्पेनमधील मर्क्युरीस्टीम या संस्थेने तिची नव्याने मांडणी केली. तरी जाणकारांच्या तोंडी १९९७ च्या सपाट किल्ल्याचे नाव आजही अग्रभागी असते.

करून पाहा

आलेखाच्या कागदावर ८ × ८ चौकोनांच्या चारच फरश्या काढा: दगड, कमान, पायरी आणि आकाश. त्या पुन्हा पुन्हा वापरून ३२ × ३० घरांत शिरगावच्या किल्ल्याची भिंत रचा. फरश्यांचे ६४ आणि मांडणीचे १,०२४ मिळून १,०८८ बाइट होतील. आता प्रश्न असा: पाचवी फरशी फक्त एकदाच वापरायची आहे. तिचे आणखी १६ बाइट खर्च करून तुम्ही तेथे काय काढाल?