ग्वाल्हेर-झाशी रस्त्यावर भेटलेले कन्नड

ह्यांच्या बदलीमुळे २०१६ ते २०१९ अशी तीन वर्षे आम्ही ग्वाल्हेरात होतो. कॉलेजातून बिनपगारी रजा घेऊन मीही गेले होते. बेळगावात परतल्यापासून भेटेल तो विचारतो, "परमुलखात करमले का हो?" खरे सांगायचे तर मराठी माणसाला ग्वाल्हेर तेवढे परके वाटत नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी तिथे पडली, तिचेच आजचे 'लष्कर' झाले. त्यांची राणी बायजाबाई आपल्या कागलच्या घाटग्यांची लेक. १८२७ ते १८३३ या काळात तिने तिथला कारभार पाहिला. म्हणजे निपाणीच्या शेजारची लेक दोनशे वर्षांपूर्वीच तिथे नांदून गेली!

आमच्या शेजारच्या काकू अशाच एका जुन्या मराठी घरातल्या. "मी बाजारात जाऊन राहिले आहे," असे त्या म्हणायच्या आणि मी म्हणायची, "जाऊन या की." त्यांच्या मराठीत हिंदी मुरलेली, माझ्या मराठीत कन्नड. दोघी एकमेकींना हसायचो.

प्रश्न होता तो सासूबाईंचा. त्यांचे माहेर गदग. मराठी त्यांना छान येते, पण रागावणे, लाड करणे आणि देवाशी बोलणे कन्नडमध्येच. सासरे गेल्यानंतर २०१८ च्या एप्रिलमध्ये त्या आमच्याकडे आल्या. "अव्वा, बेळगावचे घर बंद कर आणि इथेच राहा," असे ह्यांनी सांगून टाकले. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर. दिवसभर दारे-खिडक्या लावून बसायचे. जून उजाडला तशा त्या रोज फोनवर बेळगावच्या शेजारणीला "पाऊस लागला का?" विचारू लागल्या. सात वर्षांचा नातू त्यांच्या कन्नड प्रश्नांना हिंदीतून उत्तरे द्यायचा. मग त्यांनी विचारणेच कमी केले.

शाळा सुरू होण्याआधीच्या शेवटच्या रविवारी आम्ही गाडीने झाशीला निघालो. सोबत कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. शहर सोडले आणि ४४ नंबरच्या महामार्गाची पाटी दिसली. हे म्हणाले, "अव्वा, हाच रस्ता नागपूर, हैदराबाद करत थेट बेंगळूरुला जातो." मागून आवाज आला, "मग मध्येच झाशीला थांबतोस कशाला?"

डबरा मागे पडेपर्यंत त्यांनी मुलांना भीमसेन जोशींची गोष्ट सांगितली. गदगच्या माणसाला ती पाठच असते. १९३३ साली अकरा वर्षांचा मुलगा गुरूच्या शोधात घरातून पळाला. फिरत फिरत ग्वाल्हेरला पोचला, माधव संगीत विद्यालयात राहिला. (हे विद्यालय माधवराव शिंद्यांनी १९१८ मध्ये भातखंड्यांच्या मदतीने काढले.) पुढे कलकत्ता, रामपूर, जालंदर असे कुठे कुठे भटकला. "आणि गुरू भेटला कुठे?" सासूबाईंनी विचारले आणि उत्तरही दिले, "कुंदगोळात! गदगपासून हाकेवर." हे गाडी चालवत गप्प होते. उत्तर कोणासाठी होते, ते त्यांना कळले असावे.

ग्वाल्हेरपासून साठेक किलोमीटरवर सोनागिरीचा फाटा आहे. दिगंबर जैनांचे हे मोठे क्षेत्र. डोंगरावर चुन्यासारखी पांढरी सत्त्याहत्तर मंदिरे. उन्हे चढायच्या आत वर जाऊन आलो. पायथ्याच्या धर्मशाळेपाशी पाणी प्यायला थांबलो, तर नऊवारीतल्या दोन म्हाताऱ्या बाकावर बसलेल्या. त्यांचे बोलणे कानावर पडताच सासूबाई थबकल्या. "निम्दु याव ऊर री?" चिक्कोडीकडच्या होत्या, यात्रेच्या बसने आलेल्या. मग काय विचारता! पाऊस, सोयाबीन, उसाचे बिल, कोणाच्या सुना कशा, सगळे निघाले. वाक्य कन्नडात सुरू होऊन मराठीत संपत होते. आमची भाकरी तिकडे, त्यांचे लाडू इकडे. नातू तोंड उघडे टाकून ऐकत होता. "अज्जी एवढी बोलती है?" त्याने मला विचारले. त्या हसताहेत हे ह्यांनीही पाहिले. तासभर आम्ही कोणी "चला" म्हटले नाही.

झाशीचा किल्ला त्यामुळे भर उन्हात पाहिला, म्हणजे जवळजवळ धावतच. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ च्या वेढ्यात याच शहरात अडकले होते, 'माझा प्रवास'मध्ये ते सारे आले आहे. मुलांना त्यापेक्षा 'कडक बिजली' तोफेत रस होता.

परतताना दतियाजवळ वळवाचे चार थेंब पडले. काच खाली करून सासूबाईंनी हात बाहेर काढला आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "माझे तिकीट काढ. घर बंद ठेवले तर भिंतींना ओल धरते. पोरांना दर मे महिन्यात माझ्याकडे पाठव." ह्यांनी वाद घातला, डबऱ्यापर्यंत घातला. डॉक्टर, एकटेपण, रात्री-अपरात्रीचे दुखणे. काही चुकीचे नव्हते त्यात. त्यांनी एवढेच विचारले, "इथे मी आजारी पडले तर डॉक्टरला सांगणार काय, आणि कुठल्या भाषेत?"

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ह्यांनी त्यांना गोवा एक्सप्रेसने बेळगावला नेऊन पोचवले. त्यानंतर रोज रात्री आठला फोन. नातवाला मी एकच वाक्य शिकवले होते, "ऊटा आतेन, अज्जी?" महिनाभर तो तेवढेच बोलायचा. मग एके दिवशी पलीकडून काहीतरी लांबलचक उत्तर आले आणि त्याने फोनवर हात ठेवून मला विचारले, "आई, 'पावसाने कौल फुटले' कन्नडमध्ये असेच म्हणतात ना?"