छोटे नाणे, मोठा हिशोब: मद्रासच्या ‘वीस कास’ नाण्याचा इतिहास

प्रस्तावना

सोन्याचे नाणे देऊन मूठभर मीठ घेता येत नाही. बाजारात सर्वात जास्त हातांतून फिरते ते सर्वात कमी किमतीचे नाणे, आणि पाडणाऱ्याला सर्वात कमी परवडते तेही तेच. सोन्याचे नाणे असो की तांब्याचे, भट्टी, ठसा आणि कारागिराचे श्रम जवळपास सारखेच लागतात. तांब्याच्या नाण्यातून मात्र तो खर्च भरून निघणे कठीण असते. छोट्या नाण्याचा इतिहास म्हणजे या एका अडचणीवर शोधलेल्या उत्तरांचा इतिहास. या पाठात आपण तो मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, ‘वीस कास’ या तांब्याच्या नाण्यावरून समजून घेऊ.

१. मद्रासचे जुने चलन

चेन्नईत आजही पैशाला ‘कासु’ म्हणतात. त्याच शब्दावरून ईस्ट इंडिया कंपनीच्या नाण्यावर इंग्रजीत ‘कॅश’ हे नाव आले. रोख रकमेला आपण ‘कॅश’ म्हणतो तो शब्द वेगळा. त्याचे मूळ युरोपीय भाषांतील ‘पेटी’ या अर्थाच्या शब्दात आहे.

त्या काळचे मद्रासचे कोष्टक असे होते:

८० कास = १ फनाम
४२ फनाम = १ पॅगोडा

पॅगोडा हे सोन्याचे नाणे, आपल्याकडच्या होनाच्या जातीचे. फनाम चांदीचा आणि कास तांब्याचा. पुढे साडेतीन रुपयांना एक पॅगोडा असा दर ठरला. त्या दराने १२ फनामांचा, म्हणजे ९६० कासांचा, एक रुपया होतो.

कोष्टक कागदावर सोपे दिसते. पण सोने, चांदी आणि तांबे या तीन धातूंचे बाजारभाव स्वतंत्रपणे वरखाली होतात. त्यामुळे एका फनामला प्रत्यक्षात किती कास मिळतील, हे त्या दिवशीचा सराफ सांगेल त्यावर ठरे. मोठ्या व्यापाऱ्याजवळ सोने असे, तो थांबू शके. ज्याची मजुरी तांब्यात मिळे आणि तांब्यातच खर्च होई, त्याला थांबता येत नसे. दर घसरला की तोटा त्याचा. छोटे नाणे भरवशाचे असणे ही म्हणूनच गरिबाची गरज होती.

२. हातोड्याच्या नाण्याची मर्यादा

आपल्या शिवराईचे उदाहरण घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’ अशी तिची अक्षरे. पण हाती येणाऱ्या अनेक शिवराया पाहिल्या, तर ही अक्षरे पूर्ण उमटलेली नसतात. ठसा मोठा, चकती लहान आणि हातोड्याचा घाव जरा बाजूला पडलेला. प्रत्येक नाण्याचा आकार आणि जाडी थोडी निराळी.

याचा परिणाम लक्षात घ्या. खरी नाणीच एकमेकांसारखी नसतील, तर खोटे नाणे ओळखायचे कशावरून? सोन्याच्या बाबतीत वजन आणि कस तपासणे परवडते. तांब्याचे प्रत्येक नाणे कोण तपासणार?

३. वाफेवर चालणारी टांकसाळ

या प्रश्नाला यांत्रिक उत्तर दिले बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथील मॅथ्यू बोल्टन याने. वाफेच्या इंजिनामुळे प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॉटचा तो भागीदार. १७८८ च्या सुमारास त्याने वाफेच्या शक्तीवर नाणी पाडणारी टांकसाळ उभी केली. प्रक्रियेचे मुख्य टप्पे असे:

(अ) तांबे लाटून एकसारख्या जाडीचा पत्रा करणे.
(आ) पत्र्यातून गोल कोऱ्या चकत्या कापणे.
(इ) लाटताना कठीण झालेला धातू तापवून पुन्हा मऊ करणे, म्हणजे अनीलिंग.
(ई) चकती दोन ठशांमध्ये ठेवून दाब देणे.

शेवटच्या टप्प्यातली युक्ती महत्त्वाची. चकतीभोवती कॉलर नावाचे पोलादी कडे असते. दाब पडताच धातू बाजूला पसरू पाहतो, पण कडे त्याला अडवते. त्यामुळे प्रत्येक नाण्याचा व्यास सारखा येतो. व्यास, जाडी आणि वजन या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळवणे खोटी नाणी करणाऱ्याला जड जाते.

कंपनीने या टांकसाळीकडून मुंबईसाठी १७९१ साली आणि ‘उत्तर सरकार’ या आंध्रच्या किनारी प्रदेशासाठी १७९४ साली तांब्याची नाणी पाडून घेतली. मद्रासच्या कासांवर १८०३ आणि १८०८ ही साले आढळतात. आयर्लंडची १८०५ ची पेनी व अर्धी पेनी आणि १८०६ चे फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, हीदेखील सोहोचीच. आयर्लंडचा हिशोबही मद्राससारखाच किचकट होता: १३ आयरिश पेनी म्हणजे १२ ब्रिटिश पेनी. तिथले हे वेगळे चलन १८२६ मध्ये संपले.

४. नाणे वाचू या

वीस कासाचे नाणे सुमारे ३० मिलिमीटर व्यासाचे आणि सव्वानऊ ग्रॅमच्या आसपास वजनाचे आहे. एका बाजूला कंपनीचे सिंहांसह मानचिन्ह आणि साल. दुसऱ्या बाजूला फारसी मजकूर: ‘बीस्त कास चहार फलूस अस्त’, म्हणजे वीस कास म्हणजे चार फलूस. खाली रोमन आकड्यांत वीस आणि ‘कॅश’ हा शब्द.

आता पडताळा करू. ९६० कासांचा रुपया धरला, तर वीस कास म्हणजे रुपयाचा ४८ वा भाग. उत्तर सरकारच्या १७९४ च्या नाण्यावर ‘४८ नाण्यांचा एक रुपया’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आहे, तो याच हिशोबाशी जुळतो. शिवाय रुपयाच्या १९२ पै होतात, म्हणून पाच कास म्हणजे एक पै. ‘पै न् पै’ म्हणताना आपण जी पै मोजतो, तिचेही मद्रासमध्ये पाच तुकडे होत होते.

मद्रासच्या त्या काळातल्या अनेक नाण्यांवर तमिळ आणि तेलुगू मजकूरही आहे. या नाण्यावर नाही. बाजारातल्या भाजीवालीला फारसी वा रोमन अक्षरे वाचता येत नसणार. तिच्यासाठी नाण्याची ओळख म्हणजे त्याचा ठरलेला आकार आणि हाताला जाणवणारे वजन. कॉलरमुळे साधलेला एकसारखेपणा तिच्या उपयोगाचा होता तो असा.

५. न पोहोचलेली नाणी

१८०८ सालची दहा आणि वीस कासांची नाणी पिंपांत भरून ‘ॲडमिरल गार्डनर’ या जहाजावर चढवण्यात आली. जहाज मद्रासकडे निघाले, पण जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळ गुडविन सँड्स या वाळूच्या पट्ट्यावर वादळात फुटले. १९८० च्या दशकात पाणबुड्यांनी तिथून दहा लाखांहून अधिक नाणी वर काढली. म्हणूनच कधीही बाजार न पाहिलेले मद्रासचे नाणे आज संग्राहकांना सहज मिळते.

६. कास ते नवा पैसा

१८३५ मध्ये कंपनीच्या सर्व प्रांतांसाठी एकच रुपया आला आणि कास मागे पडला. मद्रासची टांकसाळ १८६९ मध्ये बंद झाली; तिची आठवण मिंट स्ट्रीट आणि ‘तंगसालै’ या नावांत उरली. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले.

एका रुपयाची सुटी नाणी घेतली, तर हातात किती धातू येईल ते पाहा:

वीस कास, ४८ नाणी: सुमारे ४४६ ग्रॅम तांबे
पाव आणा (१८३५), ६४ नाणी: सुमारे ४१५ ग्रॅम तांबे
नवा पैसा (१९५७), १०० नाणी: १५० ग्रॅम ब्राँझ
चौकोनी पैसा (१९६५), १०० नाणी: ७५ ग्रॅम ॲल्युमिनियमचा मिश्रधातू

धातू घटत गेला आणि त्याची जागा सरकारच्या शब्दाने घेतली. मात्र महागाई वाढत गेली की एक वेळ अशी येते, की हलके नाणेही पाडणे परवडत नाही आणि ते देऊन काही विकतही मिळत नाही. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून रद्द झाली. आयर्लंडनेही अर्धी पेनी १ जानेवारी १९८७ पासून रद्द केली होती.

सारांश

छोट्या नाण्याला तीन अटी पाळाव्या लागतात: मोठ्या नाण्याशी त्याचे नाते पक्के हवे, नक्कल अवघड हवी आणि पाडण्याचा खर्च त्याच्या किमतीत बसायला हवा. वीस कासाने पहिल्या दोन अटी यंत्राच्या साहाय्याने पूर्ण करण्याचा प्रयत्न केला. आपला पैसा हरला तो तिसऱ्या अटीवर.

स्वाध्याय

१. ४० टन नाणी, सर्व वीस कासांची आणि प्रत्येकी ९.३ ग्रॅमची असे गृहीत धरून त्यांची किंमत रुपयांत काढा. (उत्तर: सुमारे ९०,००० रुपये)
२. कॉलर नसेल तर सारख्या वजनाच्या चकत्यांपासूनही वेगवेगळ्या व्यासाची नाणी का तयार होतील?
३. चेन्नईत असाल तर एग्मोरच्या शासकीय संग्रहालयातील नाणी विभाग पाहा. हाताने पाडलेले आणि यंत्राने पाडलेले नाणे कडेवरून कसे ओळखाल, ते लिहा.